अमेरिकेत हीटिंगचं बिल डोईजड झालंय? बिलाची मदत आणि घराचं वेदरायझेशन, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर संपत आला की आपल्या लोकांकडून हेच प्रश्न सुरू होतात. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचं घर एकाच पगारावर चाललेलं असतं, कुणाचे ग्रीन कार्डवर आलेले आईवडील वेगळ्या छोट्या घरात राहत असतात आणि बिल वाढेल म्हणून हीटर बंद करून दोन दोन स्वेटर घालून बसतात. मदत आहे, बरीच आहे, पण ती कुणी घरी आणून देत नाही, मागायला लागते. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

ही नक्की कुठली योजना? एकच आहे का?

नाही, दोन आहेत आणि इथेच सगळ्यांचा घोळ होतो. पहिली बिलाची मदत, तिला लायहीप म्हणतात, 1981 पासून आहे, पैसे केंद्राच्या आरोग्य खात्याकडून येतात आणि स्टेट ते वाटतं. दुसरी वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्राम, ही त्याहून जुनी, तेलाच्या टंचाईनंतर 1976 च्या कायद्याने सुरू झालेली, ती एनर्जी खात्याची. पहिलीत तुमचं थकलेलं किंवा येणारं बिल भरायला मदत होते. दुसरीत माणसं घरी येऊन घराच्या फटी बुजवतात, इन्सुलेशन म्हणजे घरातली ऊब धरून ठेवणारा थर घालतात, भट्टी म्हणजे फर्नेस तपासतात आणि हे सगळं फुकट.

लायहीपचं नाव प्रत्येक स्टेटमध्ये तेच असेल असं नाही हं. न्यूयॉर्कमध्ये नुसतं हीप म्हणतात, टेक्ससमध्ये सीप. त्यामुळे ऑफिसात जाऊन "लायहीप" म्हटल्यावर समोरच्याने नकारार्थी मान हलवली तरी निघून येऊ नका, "एनर्जी असिस्टन्स" म्हणा.

मग आधी कशासाठी अर्ज करू?

दोन्हीसाठी, शक्य असेल तर एकाच दिवशी. बऱ्याच ठिकाणी ऑफिसही एकच असतं. बिलाची मदत मिळाली की आपली माणसं खूश होऊन घरी जातात आणि पुढच्या हिवाळ्यात परत त्याच रांगेत उभी राहतात, कारण घर तसंच गळकं राहिलेलं असतं. बिलाची मदत हा हिवाळा निभावून नेते, फटी बुजवल्या की दर हिवाळ्याचं बिल उतरतं. पण वेदरायझेशनला वेटिंग लिस्ट असते, काही ठिकाणी वर्षापेक्षाही मोठी, म्हणून नंबर आत्ताच लावून ठेवायचा.

आमचं उत्पन्न यात बसतं का?

विचारता त्यातल्या बऱ्याच जणांचं बसतं आणि त्यांना ते माहीतच नसतं. "लो इनकम" म्हटलं की आपल्याला वाटतं अगदी हातावर पोट असलेल्यांसाठी असेल. वेदरायझेशनची मर्यादा केंद्राच्या गरिबीरेषेच्या 200 टक्के आहे. 2025 च्या आकड्यांनी बघायचं तर एकट्या माणसाला वर्षाला 31,300 डॉलर, दोघांना 42,300, तिघांना 53,300 आणि चौघांच्या घराला 64,300 डॉलर. अलास्का आणि हवाईला याहून जास्त. आकडे दरवर्षी जानेवारीत बदलतात, तेव्हा अर्ज करताना त्या वर्षीचे बघा.

लायहीपचं थोडं वेगळं आहे, तिथे स्टेट ठरवतं. कायदा इतकंच सांगतो की मर्यादा गरिबीरेषेच्या 150 टक्के किंवा त्या स्टेटच्या मीडियन (बरोबर मधल्या घराच्या) उत्पन्नाच्या 60 टक्के, यातलं जे जास्त असेल त्याच्या वर जाता येणार नाही, आणि गरिबीरेषेच्या 110 टक्क्यांच्या खाली आणता येणार नाही. म्हणजे चौघांचं घर एका स्टेटमध्ये बसेल आणि तेवढ्याच पगारावर शेजारच्या स्टेटमध्ये बसणार नाही, असं होऊ शकतं.

घरात कुणाला एसएसआय (कमी उत्पन्नाच्या वयस्कर किंवा अपंग माणसांना सरकारकडून दरमहा मिळणारे पैसे) मिळत असेल तर वेदरायझेशनला उत्पन्नाचा वेगळा हिशोब द्यावाच लागत नाही, घर आपोआप पात्र धरतात. वयस्कर माणसं, अपंग व्यक्ती, लहान मुलं असलेली घरं यांना नंबरात पुढे घेतात, तेव्हा फॉर्मवर आजी-आजोबांचं वय आणि बाळाची जन्मतारीख नीट भरा.

उत्पन्न म्हणजे हातात पडतो तो पगार का? आम्ही गावी पैसे पाठवतो ते वजा होतात का?

टॅक्स कापायच्या आधीचा पगार धरतात. गावी पाठवलेले पैसे वजा होत नाहीत, कितीही खरी गरज असली तरी. पण उलटं पण आहे, वेदरायझेशनच्या हिशोबात टॅक्स रिफंड, कर्ज, कुणी दिलेली भेट आणि फूड स्टँप हे उत्पन्न म्हणून मोजत नाहीत. नोकरी गेली असेल तर गेल्या वर्षीचा मोठा आकडा बघून स्वतःच स्वतःला बाद करू नका, बऱ्याच ठिकाणी शेवटच्या 30 दिवसांचं किंवा तीन महिन्यांचं उत्पन्न बघतात. लेऑफ झालेल्या माणसाने हे विचारलंच पाहिजे.

घर स्वतःचं आहे, गाडी आहे, मग कशी मिळेल मदत?

मिळते. केंद्राच्या कायद्यात मालमत्तेची अट नाही, काही स्टेट बँकेतली शिल्लक बघतात तेवढंच.

ग्रीन कार्ड आहे, चालेल? एच-वन-बी वर असलो तर?

ग्रीन कार्डवाल्यांना लायहीप मिळतं आणि इतर काही योजनांना असते ती पाच वर्षं थांबायची अट लायहीपला लागत नाही. म्हणजे मागच्या वर्षी आलेले आईवडीलही अर्ज करू शकतात, फक्त एक बघा की त्यांना स्पॉन्सर करताना त्यांचा खर्च उचलायच्या हमीवर तुम्ही सही केलेली आहे, म्हणून ऑफिसवाले त्याबद्दल विचारू शकतात, कागद जवळ ठेवा. एच-वन-बी किंवा स्टुडंट व्हिसावरची व्यक्ती स्वतः लायहीपला पात्र नसते. पण घरात अमेरिकेत जन्मलेलं मूल असेल तर त्या मुलाच्या वतीने अर्ज करायची सोय बहुतेक ठिकाणी असते. आणि युटिलिटी कंपनीच्या स्वतःच्या सवलती असतात, त्यातल्या बऱ्याच नुसत्या उत्पन्नावर असतात, त्याबद्दल खाली लिहिलंय.

"पब्लिक चार्ज"ची, म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून राहणारा माणूस ठरवून ग्रीन कार्ड नाकारतील याची, भीती सगळ्यांना असते. 2022 च्या नियमात बिलाची मदत त्यात मोजलेली नाही, पण हे नियम सरकार बदललं की बदलायला निघतात, तेव्हा ग्रीन कार्डची फाईल चालू असेल तर आधी तुमच्या वकिलाला एक ईमेल टाका आणि मगच सही करा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फॉरवर्डवर विश्वास ठेवून घाबरून पण नका जाऊ आणि बिनधास्त पण नका होऊ.

आम्ही भाड्याने राहतो. घर आमचं नाही, मग कोण करून देईल?

भाडेकरूंनाही दोन्ही मदती मिळतात. लायहीपसाठी बिल तुमच्या नावावर असलं की झालं, आणि हीटिंग भाड्यातच धरलेलं असलं तरी बऱ्याच स्टेटमध्ये थोडी मदत मिळते. वेदरायझेशनला घरमालकाची लेखी परवानगी लागते. मालक आधी का-कू करतात, त्यांना वाटतं यात काहीतरी खर्च निघेल. त्यांना सरळ सांगा की घर तुमचंच सुधारणार आहे. आणि कायद्याने हे काम झालं म्हणून लगेच भाडं वाढवता येत नाही, हे परवानगीच्या कागदावरच लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या आणि एक कॉपी आपल्याकडे ठेवा. मोबाईल होमलाही ही योजना लागू आहे. मोठ्या अपार्टमेंटमध्ये मात्र साधारण दोन तृतीयांश घरं पात्र असावी लागतात तरच पूर्ण बिल्डिंगचं काम होतं, दोन किंवा चार घरांच्या इमारतीला निम्मी पुरतात.

अर्ज कुठे करायचा, कधी, आणि कागद कुठले?

फोनवरून 211 लावा, झिप कोड सांगा, ते तुमच्या भागातल्या ऑफिसचं नाव देतात. बहुतेक ठिकाणी ते "कम्युनिटी ॲक्शन एजन्सी" असतं. इंग्लिशची अडचण असेल तर दुभाषा मागा, मराठी नसला तर हिंदीचा मिळायची शक्यता जास्त.

थंड प्रदेशात हीटिंगचे अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला उघडतात. लायहीपला काँग्रेस दरवर्षी ठराविक पैसे देते, ते संपले की संपले, पात्र असलात तरी. म्हणून जानेवारीचं मोठं बिल हातात पडायची वाट बघू नका, अर्ज उघडला की पहिल्या आठवड्यातच भरा. गरम प्रदेशात एसीच्या बिलासाठीही मदत असते, ती उन्हाळ्याच्या तोंडावर विचारा.

कागद म्हणजे फोटो आयडी, घरातल्या सगळ्यांचे सोशल सिक्युरिटी नंबर, पगाराच्या स्लिपा, ताजं बिल (सगळी पानं, नुसतं पहिलं नाही) आणि लीज किंवा घराचे कागद. अर्ज अडकतात ते जास्त करून अपुऱ्या कागदांमुळे. घरात कमावती नसलेली मोठी व्यक्ती असेल तर "उत्पन्न शून्य आहे" असा वेगळा फॉर्म भरून द्यावा लागतो, तो राहिला म्हणून फाईल आठवडेच्या आठवडे पडून राहते आणि कुणी कळवत पण नाही. तुम्हीच फोन करून विचारत राहा.

कनेक्शन तोडायची नोटीस आलीय. आता काय करू?

आजच्या आज दोन फोन करा. पहिला त्या एजन्सीला, "क्रायसिस" हा शब्द वापरून. कायद्याने क्रायसिसच्या अर्जावर 48 तासांत काहीतरी मदत द्यावी लागते आणि जिवाला धोका असेल, म्हणजे कडाक्याच्या थंडीत हीट बंद, घरात ऑक्सिजनचं मशीन, असं काही, तर 18 तासांत. ऑइल किंवा प्रोपेनची टाकी रिकामी होत आली असेल तर तेही क्रायसिसमध्येच येतं, पूर्ण रिकामी व्हायची वाट बघायची गरज नाही.

दुसरा फोन युटिलिटी कंपनीला. हप्ते मागा. बऱ्याच स्टेटमध्ये हिवाळ्याच्या महिन्यांत कनेक्शन तोडायला बंदी किंवा मर्यादा असते, पण ती काही ठिकाणी आपोआप लागू होत नाही, सांगावं लागतं. घरात आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट दिल्यावर मुदत मिळते. फोनवर बोललेल्या माणसाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा.

पैसे माझ्या अकाउंटला येतात का? परत करावे लागतात का?

सहसा सरळ कंपनीला जातात, तुमच्या बिलात जमा दिसतात. कर्ज नाही, परत करायचे नसतात. पण मदत जमा होईपर्यंत बिल भरणं थांबवू नका, जमेल तेवढं भरत राहा, नाहीतर थकबाकी आणि दंड वाढत जातो.

युटिलिटी कंपनीच्या सवलती वेगळ्या असतात का?

हो, आणि या बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाहीत. कॅलिफोर्नियात केअर नावाचा रेट आहे, त्यात विजेवर 30 ते 35 टक्के आणि गॅसवर 20 टक्के सूट दर महिन्याला मिळते, एकदाच नाही. ओहायोमध्ये पिप प्लस आहे, तिथे बिल उत्पन्नाच्या टक्क्यात बांधून देतात, गॅसला 5 टक्के आणि विजेला 5 टक्के, सगळं घर विजेवर असेल तर 10, आणि वेळेवर भरत राहिलात तर जुनी थकबाकीही हळूहळू माफ होत जाते. न्यू जर्सीत लायहीपच्याच अर्जावर युनिव्हर्सल सर्व्हिस फंडाची (गॅस-विजेच्या बिलासाठीची) मदतही बघतात. तुमच्या स्टेटमध्ये काय आहे ते कंपनीच्या कस्टमर केअरला "लो इनकम डिस्काउंट रेट" असं विचारलं की कळतं. ही सूट चालू असताना लायहीपही घेता येतं.

वेदरायझेशनवाले घरी येऊन नक्की करतात काय?

आधी एनर्जी ऑडिट. यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे ब्लोअर डोअर. घराच्या मुख्य दाराच्या चौकटीत एक लाल किंवा काळं कापड ताणून बसवतात आणि त्यात मोठा पंखा. खिडक्या-दारं सगळी बंद करायला सांगतात आणि पंखा घरातली हवा बाहेर ओढायला लागतो, दाबाचा फरक 50 पास्कलपर्यंत नेतात, म्हणजे घराला चहूबाजूंनी ताशी 20 मैलांचा वारा लागल्यासारखं. मग ऑडिटर तुम्हाला बरोबर घेऊन फिरतो. इलेक्ट्रिक सॉकेटपाशी हात धरला की गार झुळूक लागते, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथून लागते, आणि ॲटिकचं, म्हणजे छताखालच्या माळ्याचं, झाकण असतं ना, जे आपण कधी उघडतही नाही, त्याच्या कडेने तर सरळ वारा येतो. आपण वर्षानुवर्षं खिडकीला प्लॅस्टिक लावत बसलेलो असतो आणि हवा जात असते वरून.

त्याचं कारण साधं आहे. गरम हवा वर चढते, छताच्या फटींमधून ॲटिकमध्ये निसटते आणि जेवढी वर गेली तेवढी थंड हवा खालून, बेसमेंटकडून, आत ओढली जाते. म्हणून जाणकार माणूस आधी ॲटिकच्या आणि बेसमेंटच्या फटी बुजवतो, त्यावर इन्सुलेशन पसरतो, भिंती पोकळ असतील तर छोटी भोकं पाडून आत सेल्युलोज (कागदापासून केलेलं इन्सुलेशन) भरतो आणि भोकं परत बंद करतो. डक्टचे, म्हणजे गरम हवा खोल्यांत नेणाऱ्या नळांचे, जोड सील करतात, फर्नेस दुरुस्त करतात, अगदीच गेलेली असेल तर बदलतात. काम झालं की ब्लोअर डोअर परत लावून आधीचा आणि नंतरचा आकडा बघतात. शेवटी वेगळा इन्स्पेक्टर येऊन प्रत्येक घर तपासतो, त्याच्यासमोर तक्रार असेल ती मोकळेपणाने सांगा, संकोच करू नका.

नव्या खिडक्या मिळतील ना?

बहुधा नाही. प्रत्येक कामाचा हिशोब होतो, जेवढा खर्च तेवढी तरी बचत त्यातून निघायला हवी. खिडक्या महाग आणि बचत कमी, म्हणून त्या या हिशोबात सहसा बसत नाहीत. काच फुटली असेल तर ती बसवून देतील.

घर इतकं बंद केल्यावर आत गुदमरायला होणार नाही का? आमच्याकडे फोडणी रोजची.

चांगला प्रश्न आहे आणि याची काळजी योजनेतच घेतलेली आहे. घर किती बंद झालं ते मोजून, त्याप्रमाणे बाथरूम किंवा किचनला बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट फॅन बसवतात. आपल्या किचनमध्ये वाफ आणि तेल जास्त, तेव्हा ऑडिटरला स्वयंपाक किती वेळ चालतो ते सांगाच, आणि शेगडीवरचा हूड हवा बाहेर टाकतो की नुसता गाळून परत घरातच सोडतो ते दाखवा.

यापेक्षा मोठी गोष्ट कार्बन मोनॉक्साइडची. गॅसची भट्टी किंवा वॉटर हीटर नीट जळत नसेल तर हा वायू घरात येतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, नुसतं डोकं दुखतं आणि झोप येते. कामाच्या आधी आणि नंतर ही उपकरणं तपासतात आणि डिटेक्टर नसेल तर लावून देतात. मला विचाराल तर पैशांची बचत बाजूला ठेवली तरी एवढ्या एका तपासणीसाठी अर्ज करावा.

ऑडिट झालं आणि "डिफर" केलं म्हणाले. म्हणजे नाकारलं का?

नाही. म्हणजे आधी दुसरी दुरुस्ती करा मग आम्ही येतो. छत गळतंय, बुरशी आहे, जुन्या पद्धतीचं उघड्या तारांचं वायरिंग आहे, ॲटिकमध्ये व्हर्मिक्युलाइट (जुनं दाणेदार इन्सुलेशन) आहे ज्यात ॲस्बेस्टॉस हा फुफ्फुसांना घातक पदार्थ असू शकतो, अशा घरात इन्सुलेशन भरणं धोक्याचं. पण याच दुरुस्त्यांसाठी "वेदरायझेशन रेडिनेस" नावाचा वेगळा निधी आहे. तो सगळ्यांना पुरत नाही, तरी मागा. डिफरचं कारण लेखी घ्या, ते हातात असलं की सिटीच्या किंवा काउंटीच्या घरदुरुस्ती योजनेकडेही जाता येतं.

खरंच किती वाचतात?

एनर्जी खात्याच्या हिशोबाने सरासरी वर्षाला 372 डॉलर किंवा जास्त. सरासरी आहे ही, छोट्या अपार्टमेंटला कमी आणि मिनेसोटासारख्या ठिकाणच्या जुन्या गळक्या घराला जास्त. आणि ती बचत दरवर्षी होत राहते. एकदा काम झालेल्या घराला पुन्हा हीच मदत 15 वर्षांनीच मिळते, तेव्हा घर विकत घेताना आधी काम झालंय का ते विचारून ठेवा.

नंबर लागेपर्यंत आम्ही काय करू?

वाऱ्याच्या दिवशी उदबत्ती लावून सॉकेट, दाराची खालची फट, ॲटिकचं झाकण यांच्याजवळून फिरवा (पडद्यापासून लांब), धूर जिथे आडवा होतो तिथे फट. दाराखाली स्वीप (रबरी पट्टी), कडेने वेदरस्ट्रिप (फट बंद करणारी चिकटपट्टी), न हलणाऱ्या फटीत कॉक (ट्यूबमधून भरायची पेस्ट), हे सगळं हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या पैशात मिळतं. फर्नेसचा फिल्टर बदला. झोपताना किंवा घरी कुणी नसताना थर्मोस्टॅट 7 ते 10 डिग्री फॅरनहाइट खाली आणला, दिवसाचे आठ तास, तर वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाचू शकतं. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेचं मशीन) असेल तर हे तसंच लागू होत नाही, तिथे तापमान फार खालीवर करू नका.

स्पेस हीटरबद्दल दोन शब्द. 1500 वॉटचा हीटर आठ तास चालला की 12 युनिट, युनिटला 17 सेंट धरले तर दिवसाला दोन डॉलर, महिन्याला साठ. एका खोलीपुरता ठीक आहे, पण प्रत्येक खोलीत एक असं केलं तर बिल उतरायच्या ऐवजी चढतं. लावायचाच तर सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये, एक्स्टेंशनवर नको, आणि आजूबाजूला तीन फूट काही नको. ओव्हन किंवा गॅसची शेगडी पेटवून घर गरम करू नका, कधीच नाही.

आईबाबा म्हणतात आम्हाला गारठा चालतो, सरकारचं फुकट नको. काय सांगू?

त्यांना सांगा की वय झाल्यावर शरीराला थंडी कळतच नाही नीट. घरात 60 ते 65 डिग्री फॅरनहाइट असलं तरी म्हाताऱ्या माणसाला हायपोथर्मिया होऊ शकतो, घर निदान 68 वर ठेवायला डॉक्टर सांगतात. आणि फुकट म्हणाल तर हा पैसा टॅक्समधूनच येतो, तुम्ही-आम्ही भरलेल्या. ज्या घरात औषधं घ्यायची की हीट लावायची असा विचार चाललाय त्यांच्यासाठीच तो ठेवलेला आहे. फॉर्म त्यांच्या शेजारी बसून भरा, नुसती लिंक पाठवून ते भरणार नाहीत.

कुणीतरी फोन करून "तुम्हाला मदत मंजूर झालीय, फी भरा" म्हणालं.

ठेवून द्या फोन. दोन्ही योजनांच्या अर्जाला फी नसते. गिफ्ट कार्डने बिल भरा, अर्ध्या तासात वीज तोडतो, असं म्हणणारा कंपनीचा माणूस नसतो. बिलावर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री करा.

अर्ज नाकारला तर संपलं का?

नाही. नाकारल्याचं कारण लेखी मागा. लायहीपच्या कायद्यातच सुनावणी मागायचा हक्क आहे, अर्ज नाकारला तरी आणि वेळेत निर्णय दिला नाही तरीही. मुदत पत्रावर लिहिलेली असते, ती बघा आणि त्याच्या आत अपील टाका. बऱ्याचदा उत्पन्न चुकीचं मोजलेलं असतं, ओव्हरटाइमचा एकच महिना धरून वर्षाला गुणलेलं असतं किंवा घरातली माणसं कमी मोजलेली असतात, पगाराच्या जास्त स्लिपा दाखवल्या की निकाल बदलतो. आणि उत्पन्न खरंच थोडं वर गेल्यामुळे नाकारलं असेल तर वेदरायझेशनचा अर्ज तसाच चालू ठेवा, त्याची मर्यादा बऱ्याच स्टेटमध्ये लायहीपपेक्षा वरची असते.